व्यायामाचा हुरूप

व्यायाम शरीराला हितकर आहे हें सांगण्यासाठीं आतां भाषणाची गरज उरलेली नाहीं. सुशिक्षित घरांतील दहा वर्षांच्या मुलालाहि तें ठाऊक असतें, आणि त्याच्या आजोबांना तर तें गेलीं साठ वर्षें ठाऊक असतें. तरीहि व्यवहार निराळाच दिसतो. थंडी पडूं लागली कीं शहरांतील मैदानें, बागा आणि टेकड्या पहाटे माणसांनीं गजबजतात. पाडव्याला किंवा इंग्रजी वर्षाच्या पहिल्या दिवशीं मनाशीं संकल्प होतात. नवे बूट येतात. व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी एकरकमी भरली जाते. पुढें होळी येते न येते तोंच पहाटेचे पुष्कळसे चेहरे दिसेनासे होतात, आणि हौसेनें घरीं आणलेल्या व्यायामाच्या सायकलीवर टॉवेल वाळूं लागतात.

तेव्हां उणीव ज्ञानाची नसून हुरुपाची आहे. हा हुरूप येतो कोठून, टिकतो कशानें, आणि ज्याला तो मुळींच येत नाहीं त्यानें काय करावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

या उणिवेचें मूळ एका साध्या हिशेबांत आहे. व्यायामाचा त्रास रोख असतो आणि लाभ उधार. पहाटे पांघरूण दूर सारण्याचें दुःख त्याच क्षणीं भोगावें लागतें. त्याचें फळ मात्र महिन्यांनीं, कधीं कधीं वर्षांनीं पदरांत पडतें, आणि पडलें तरी डोळ्यांना दिसत नाहीं. कारण न झालेला आजार कोणालाच दिसत नसतो. माणसाचें मन रोखीच्या व्यवहाराकडे ओढ घेतें. त्यांत त्याचा मोठासा दोष नाहीं. परंतु मनाचा हा स्वभाव न ओळखतां केलेला संकल्प अळवावरच्या पाण्यासारखा ठरतो.

पुष्कळांना घराबाहेर काढतें तें भय. तपासणीचा कागद हातीं येतो, त्यांत साखर वाढलेली असते किंवा रक्तदाब चढलेला असतो, आणि डॉक्टर सांगतात, “आतां रोज चालायला हवें.” दुसऱ्या दिवसापासून गृहस्थ चालूं लागतात. भयाचा उपयोग होत नाहीं असें नव्हे; परंतु तें फार दिवस सोबत करीत नाहीं. औषधानें आंकडे खालीं आले कीं भय ओसरतें आणि त्याच्याबरोबर चालणेंहि ओसरतें. आंकडे खालीं आले नाहींत, तर निराशा येऊन चालणें थांबतें. शिवाय ज्या कामाला भयाचा वास लागला, तें काम मन टाळूं पाहतें. छडीच्या धाकानें मुलांचे पाढे पाठ होतात, पण गणिताची गोडी त्यांतून क्वचितच उपजते.

भयाप्रमाणेंच तुलना हेंहि एक उसनें कारण आहे. शेजारी इतकें चालतो, मेहुण्यानें इतकें वजन उतरविलें, म्हणून आपणहि करावें, असा विचार कांहीं दिवस पुरतो. हल्लीं तर मनगटावरचें घड्याळ पावलें मोजतें, आणि दहा हजारांचा आंकडा पुरा न झाल्यास मन खट्टू होतें. हा आंकडा एखाद्या वैद्यकपरिषदेनें ठरविला असावा अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः १९६५ सालीं जपानमध्यें पावलें मोजण्याचें एक यंत्र विक्रीस आलें. त्याचें नांवच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचें मापक, असें होतें. आणि तेथून तो आंकडा जगभर पसरला. आंकडा वाईट नाहीं. परंतु ज्याचीं तीन हजार पावलें होतात, त्यानें स्वतःला नापास समजावें असा अधिकार त्या आंकड्याला कोणीं दिलेला नाहीं.

उसनें कारण पुरत नाहीं, तर मग कोणतें पुरतें? ज्यांनीं शरीर कमावलें किंवा राखलें, अशा महाराष्ट्रांतील तीन परिचित पुरुषांकडे पाहिल्यास याचें उत्तर सांपडतें.

पहिले लोकमान्य टिळक. १८७३ सालीं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाले, तेव्हां त्यांची प्रकृति नाजूक होती. बुद्धि तल्लख, पण शरीर तिला साथ देईना, हें त्यांचें त्यांनाच जाणवलें. मग त्यांनीं पहिलें वर्ष जवळजवळ सगळें शरीर कमावण्याकडे लावलें. तालीम, पोहणें, नदींत नाव वल्हविणें हाच त्यांचा दिनक्रम झाला, आणि त्यापायीं त्या वर्षींची परीक्षा हातची गेली. विद्यार्थ्यांनीं परीक्षा बुडवावी असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, आपल्याला कोणतीं कामें करावयाचीं आहेत आणि त्यांसाठीं काय उणें आहे, हें त्या तरुणानें स्वतः पाहिलें होतें. पुढें १९०८ ते १९१४ हीं सहा वर्षें मंडालेच्या तुरुंगांत काढतांना मधुमेह जडलेल्या त्या शरीरानें टिकाव धरला, आणि त्यांचे चरित्रकार त्याचा संबंध कॉलेजांतील त्या वर्षाशीं जोडतात.

दुसरे महर्षि धोंडो केशव कर्वे. १९०० सालीं त्यांनीं आपला अनाथ बालिकाश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयाचें, आणि काम संपल्यावर आश्रमाला लागणारें सामान घेऊन हिंगण्याची वाट धरावयाची, असा त्यांचा क्रम होता. ही वाट सुमारे चार मैलांची, पावसाळ्यांत चिखलाची. या चालण्याला त्यांनीं व्यायाम हें नांव दिलें नसेल. त्यांच्या दृष्टीनें ती आश्रमाची वाट होती. पलीकडच्या टोकाला कोणी वाट पाहत असलें म्हणजे पायांना निराळी प्रेरणा द्यावी लागत नाहीं. कर्वे १०४ वर्षें जगले, १९५८ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें, आणि १९६२ सालीं ते गेले. त्यांचें दीर्घायुष्य केवळ चालण्याचें फळ होतें असें म्हणणें धाडसाचें होईल. पण त्या चालण्यानें अपकार खासच केला नाहीं.

तिसरे औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि. त्यांचें उदाहरण गृहस्थाश्रमी माणसाला अधिक जवळचें वाटेल. कारण योग्य व्यायाम त्यांनाहि पहिल्याच प्रयत्नांत सांपडला नव्हता. प्रथम त्यांनीं त्या काळीं जगभर गाजत असलेल्या सँडो या पहिलवानाच्या पद्धतीनें, उपकरणें घेऊन, कित्येक वर्षें मेहनत केली. पुढें ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि शेवटपर्यंत तेथेंच राहिले. नमस्काराला उपकरण लागत नाहीं. अंगाच्या लांबीएवढी जागा पुरते. प्रवासांतहि तो चुकत नाहीं. आणि आईबाप, मुलें अशा सगळ्यांना तो एकत्र करतां येतो. औंधच्या राजवाड्यांत तो घरचा नेम झाला, संस्थानच्या शाळांतून मुलांना तो शिकविण्यांत आला, आणि १९३८ सालीं त्यावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें निघालें. १८६८ सालीं जन्मलेले पंतप्रतिनिधि १९५१ सालीं वारले. एक प्रकार आपल्याला मानवला नाहीं, तर व्यायामच मानवत नाहीं असा निष्कर्ष काढण्याऐवजीं दुसरा प्रकार करून पाहावा, हा त्यांच्या उदाहरणांतील धडा आहे.

तिघांचीं कारणें निराळीं होतीं. पण प्रत्येकाचें कारण त्याचें स्वतःचें होतें, आणि तें त्याला प्रिय असलेल्या एखाद्या गोष्टीशीं बांधलेलें होतें. एकाला देशकार्य दिसत होतें, दुसऱ्याला आश्रम, तिसऱ्याला कुटुंब आणि प्रजा. सामान्य संसारी माणसाजवळ एवढें मोठें कारण नसेल, आणि त्याची गरजहि नाहीं. उलट कारण जितकें लहान व जवळचें, तितकें तें बळकट असतें. ‘प्रकृति सुधारावी’ हें कारण फार मोठें आणि धूसर आहे. ‘नातवाला कडेवर घेऊन दोन जिने चढतां यावेत’ हें कारण लहान आणि स्पष्ट आहे. पुण्याच्या एखाद्या बाईंना पर्वतीच्या १०३ पायऱ्या मध्यें न थांबतां चढून देवदर्शन घ्यावयाचें असेल. कोणाला आषाढी वारींत पालखीबरोबर दिवे घाटाचा एक टप्पा तरी पायीं करावयाचा असेल. कोणाला मुलीच्या लग्नांत पंगतीला मांडी घालून बसावयाचें आणि हाताचा आधार न घेतां उठावयाचें असेल. अशा कारणाला तारीख असते, जागा असते, आणि आपण त्याच्या किती जवळ आलों हें दर आठवड्याला कळतें. उधारीच्या व्यवहारांत त्यामुळें थोडी रोख येते.

येथें एक शंका निघेल. नातवाला उचलण्याइतका किंवा पर्वती चढण्याइतका व्यायाम शरीराला पुरेल काय? याचें उत्तर देतांना लंडनच्या बसगाड्यांची हकीगत उपयोगी पडते. जेरी मॉरिस या इंग्रज संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी केली, आणि १९५३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत ती प्रसिद्ध झाली. गाडी एक, शहर एक, वर्ग एक; पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांमध्यें हृदयविकाराचें प्रमाण अधिक आढळलें, आणि तिकिटें फाडीत दिवसाकांठीं पांचशेंहून अधिक पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांमध्यें कमी. त्यावर आक्षेपहि निघाले. ड्रायव्हर नोकरीला लागतांनाच अधिक स्थूल असावेत असें त्यांच्या गणवेशांच्या मापांवरून मॉरिस यांनीं पुढें स्वतःच दाखवून दिलें. तरी टपाल वांटणारे आणि टपालकचेरींत बसून काम करणारे यांच्यामध्येंहि तसाच फरक दिसला, आणि तेव्हांपासून जमलेला पुरावा त्याच बाजूचा आहे. कंडक्टर कांहीं तालमींत जात नव्हता. त्याच्या हृदयाला फक्त पायऱ्या कळत होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेला सल्ला याला धरूनच आहे. प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम, म्हणजे बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतक्या वेगाचें चालणें, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोराचे श्रम करावेत; आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा; आणि पासष्टीनंतर आठवड्यांतून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम त्यांत घालावेत. सलग दहा मिनिटें झाल्याखेरीज चालणें जमेस धरूं नये अशी पूर्वींची अट होती. तीहि आतां उरलेली नाहीं. न करण्यापेक्षां थोडें करणें बरें, असें ती संघटना स्पष्ट सांगते. तेव्हां लिफ्टकडे पाठ फिरवून चढलेला एक जिना फुकट जात नाहीं.

कारण सांपडलें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. कारण माणसाला दारापर्यंत आणतें. रोज उंबरठा ओलांडावयास संवय लागते. आणि संवयीबद्दल एक मोठा गैरसमज रूढ आहे, तो असा कीं आधीं उत्साह यावा आणि मग काम व्हावें. अनुभव बहुधा उलटा येतो. पहिलीं पांच मिनिटें अंग जड असतें, मन कुरकुरत असतें. सहाव्या मिनिटाला श्वास मोकळा होतो, आणि परत येतांना आलेला माणूस गेलेल्या माणसापेक्षां प्रसन्न असतो. हुरूप पुष्कळदां पावलांच्या मागून चालत येतो. त्याची वाट पाहत जो घरीं बसला, त्याला तो भेटत नाहीं. म्हणून “आज मन नाहीं” असें वाटेल त्या दिवशीं स्वतःशीं एवढाच करार करावा कीं, पांच मिनिटें चालूं आणि मग हवें तर परतूं. पांच मिनिटांनीं परतणारे थोडे.

संवय जडावयास किती दिवस लागतात याचा शोध लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत घेण्यांत आला, आणि त्याचे निष्कर्ष २०१० सालीं छापून आले. शहाण्णव माणसांनीं खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी गोष्ट रोज ठराविक प्रसंगाला जोडून करावयास घेतली. ती आपोआप घडूं लागण्यास मध्यम मानानें ६६ दिवस लागले. पण कोणाचें १८ दिवसांत भागेल, तर कोणाला २५४ दिवसहि लागतील, असा अंदाज निघाला. तेव्हां तीन आठवड्यांत संवय जडली नाहीं म्हणून हताश होण्याचें कारण नाहीं. त्या शोधांतील दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे: मध्यें एखादा दिवस चुकला तरी संवय जडण्यांत म्हणण्यासारखा अडथळा येत नाहीं.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण संकल्प बुडतात ते पहिल्या खाड्यामुळें नव्हे, खाड्याच्या लाजेमुळें. घरीं पाहुणे आले, पोर आजारी पडलें, पाऊस लागला. एक दिवस चुकला. मग “नेम मोडलाच आहे, आतां पुढच्या महिन्यापासून नव्यानें सुरुवात करूं” असें मन म्हणतें, आणि तो पुढचा महिना येत नाहीं. दुधाचा रतीब एक दिवस चुकला म्हणून कोणी गवळ्याला कायमची रजा देत नाहीं. व्यायामालाच हा कडक न्याय कशाला? खाडा पडला तर पडूं द्यावा. त्याला जोडून दुसरा पडूं देऊं नये.

संवय लवकर रुजावी म्हणून तिला एखाद्या जुन्या संवयीच्या शेजारीं लावावी. ‘सवड झाली म्हणजे चालूं’ या बोलण्यांतील सवड कधींच होत नाहीं. ‘सकाळचा चहा झाला कीं चपला घालावयाच्या’, ‘मुलांची शाळेची गाडी गेली कीं परत न फिरतां तसेंच पुढें चालावयाचें’, ‘संध्याकाळीं दिवा लावण्यापूर्वीं बारा नमस्कार’ अशी बांधणी असावी. चहा विसरत नाहीं, मग चालणेंहि विसरत नाहीं. त्याला सोबतीची जोड मिळाली तर फारच उत्तम. कोपऱ्यावर स्नेही उभा आहे हें ठाऊक असलें म्हणजे पांघरूण आपोआप दूर होतें. स्वतःला दिलेला शब्द मोडणाराहि मित्राला ताटकळत ठेवीत नाहीं.

गोडीची जोडहि चालते. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत झालेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, रंगतदार कादंबऱ्या केवळ व्यायामशाळेंतच ऐकावयास मिळतील अशी व्यवस्था कांहीं जणांसाठीं केली. पुढें काय झालें हें ऐकावयाचें तर व्यायामाला येणें भाग. ही मंडळी सुरुवातीला इतरांपेक्षां ५१ टक्के अधिक वेळां व्यायामशाळेंत आली. मधल्या सुटीनंतर मात्र हा प्रभाव ओसरला. त्यावरून दोन गोष्टी शिकाव्या: आवडत्या गायकाची मैफल किंवा एखादें कथाकथन फक्त चालतांनाच ऐकावें असा नियम करणें फायद्याचें आहे, आणि दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी संपल्यावर नेमाला मुद्दाम पुन्हां हात द्यावा लागतो.

आतां घरांतील स्त्रियांविषयीं. “दिवसभर पायांवर उभी असतें, आणखी व्यायाम कशाला?” हा त्यांचा प्रश्न खोटा नाहीं. घरकाम हे श्रम आहेतच, आणि शरीर ते जमेस धरतें. परंतु ओट्यापाशीं तासन्तास उभें राहण्यांत छाती भरून श्वास घेतला जात नाहीं, आणि त्या श्रमांत स्वतःची म्हणावी अशी घटकाहि नसते. गृहिणीला हुरूप नसतो असें जेव्हां म्हटलें जातें, तेव्हां पुष्कळदां तिला वेळ दिलेला नसतो. अशा घरीं तिला उपदेश करण्यापूर्वीं नवऱ्यानें आणि मोठ्या मुलांनीं सकाळचा चहा व डबे अर्धा तास आपल्याकडे घ्यावे. तेवढा अर्धा तास निर्वेधपणें हातीं आला, तर तिचें कारण ती स्वतः शोधील.

वयस्कांच्या बाबतींत तर व्यायामाचा प्रश्न स्वाधीनतेचा आहे. उतारवयांत मांड्यांचे स्नायू ढिले पडतात, तोल जातो, आणि एक दिवस स्नानगृहांत पाय घसरतो. त्यानंतर माणूस आजारी असतो एवढेंच नव्हे. तो दुसऱ्याच्या हातीं जातो. पाण्याचा तांब्या कोणी दिला तर मिळावा, अशी ती अवस्था असते. खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें आणि बसणें, भिंतीजवळ उभें राहून एका पायावर तोल धरणें, हे व्यायाम दिसावयास पोरकट असले तरी म्हातारपणाचा मान राखणारे आहेत. अर्थात् छातींत दुखणें, चालतांना घेरी येणें किंवा दम लागणें असें कांहीं असेल, तर आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि ज्यानें वीस वर्षें कांहीं केलेलें नाहीं, त्यानें पहिल्याच दिवशीं जुनें तारुण्य सिद्ध करण्याच्या भरीस पडूं नये. दुसऱ्या दिवशीं दुखणाऱ्या पायांनीं पुष्कळ हुरूप मारले आहेत.

तेव्हां ज्याला व्यायामाचा हुरूप येत नाहीं, त्यानें एका कागदावर तीन ओळी लिहाव्या. पहिल्या ओळींत, या शरीरानें येत्या वर्षांत कोणतें एक काम करून दाखवावें असें वाटतें तें. दुसऱ्याला सांगण्यासाठीं नव्हे, म्हणून खरेंच लिहावें. दुसऱ्या ओळींत, रोजच्या कोणत्या गोष्टीला जोडून आणि कोठें व्यायाम करावयाचा तें. तिसऱ्या ओळींत सोबत्याचें नांव. सोबती नसल्यास ज्याला रोज “आज झालें” म्हणून सांगावयाचें, त्याचें. कागद जेथें चपला काढल्या जातात तेथें लावावा. पहिला आठवडा दहाच मिनिटें करावीं, आणि अकरावें मिनिट मनानें मागितलें तरी तें दुसऱ्या दिवसासाठीं शिल्लक ठेवावें.